आईच्या नावाचे ठोके

४ फेब्रुवारी, दुपार

चिंगी,

पत्राच्या वर 'प्रिय' लिहितात हे मला माहीत आहे. लिहायचं की नाही ते शेवटी ठरवते. फोनवर तू "आईला दे" म्हणतेस आणि मी देते. चार वर्षांत आपलं बोलणं या दोन शब्दांच्या पुढे गेलेलं नाही, म्हणून कागद घेतला. दुकानाचं शटर अर्धं ओढलंय, आई वरच्या खोलीत पडली आहे.

तुझं घड्याळ पोचलं.

आईच्या हृदयाला डिसेंबरात झटका येऊन गेला तेव्हा तू आलीस, पाच दिवस राहिलीस, उशाशी बसून तिचे केस विंचरलेस आणि परत गेलीस. नंतर डॉक्टर बाईंनी जे सांगितलं ते ऐकायला मी होते. खुर्चीत बसून पायडल मारायचं छोटं यंत्र येतं, त्यावर रोज वीस मिनिटं व्यायाम. ठोके शंभराच्या आसपास चालतील, एकशे दहाच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. म्हणजे ठोके मोजायला काहीतरी हवंच.

त्या काहीतरीसाठी मी तीन वेळा दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर सात प्रकार मांडले. तुला माहीत आहे, मी कापडसुद्धा उलटंसुलटं करून, उजेडात धरून, एक धागा ओढून बघितल्याशिवाय घेत नाही. मनगटावरची सगळी उजेड टाकून कातडीखालचं रक्त बघतात. हात गार असला, पट्टा सैल असला की आकडा चुकतो. आईचे हात बारा महिने गार आणि मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. छातीला बांधायचा पट्टा मात्र थेट हृदयाशी असतो, तो पायडल मारताना गडबडत नाही. आकडा माझ्या जुन्या फोनवर केवढा तरी मोठा दिसतो, चष्म्याशिवाय.

दुकानदार म्हणाला, "ताई, वयस्कर माणसांना मनगटावरचंच सोपं पडतं. छातीचा पट्टा खेळाडू लावतात."

मी म्हटलं, "माझी आई खेळाडू नाही, पण मी टेलर आहे. मापात चूक मला खपत नाही. जे बरोबर मोजतं ते द्या."

आईनं पट्टा बघितला आणि म्हणाली, "आता मला गाडीला जुंपणार का?" दोन दिवस लावला. ओला करून लावावा लागतो तर गार लागतो, हूक मागे आहे तर हात मागे जात नाही. तिचंही खरं होतं. मग मी काय केलं, तो पट्टा कापला. तिची मऊ सुती बंडी घेतली, पट्टा आतल्या बाजूनं बरोबर छातीखाली शिवला, पुढून उघडायला तीन टिचबटणं लावली, आणि मोजणारा डबीएवढा तुकडा धुताना काढता यावा म्हणून त्याला खिसा केला. अडीच दिवस गेले. कापलेला पट्टा दुकानदार आता परत घेणार नाही, ते सोड. आईनं बंडी हातात घेतली, शिवण उलटून बघितली, "छान झालंय" म्हणाली आणि कपाटात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तुझं पार्सल आलं.

फिकट गुलाबी पट्टा, आरशासारखी काच, आत स्वतःचं सिमकार्ड, म्हणजे निरोप थेट काचेवर. तू फोनवरून आईकडून एकेक बटण दाबून घेतलंस. पाऊण तास! माझ्याकडून ती टीव्हीचा रिमोट शिकली नाही गं. आणि तू तिथं बसून "आता वर सरकव, आता हिरवं दिसतंय का" करत तिला सगळं शिकवलंस, वर तिचे ठोके, तिची पावलं, तिची झोप तुझ्या फोनवर दिसतील अशी सोयही करून घेतलीस. म्हणजे एका छपराखाली मी राहायचं आणि ती रात्री किती वेळा जागी झाली हे तुला कळायचं.

समोरची मास्तरीणबाई आली, गॅसवाला आला, माझी दोन गिऱ्हाइकं आली. प्रत्येकाला मनगट पुढे करून, "धाकटीनं पाठवलंय." कुणी विचारलं नाही, थोरलीनं काय दिलं?

सरळच लिहिते. माझ्या पोटात दुखलं. मला तुझा हेवा वाटला, छातीत इतकं फडफडलं की मी ट्रायलच्या पडद्यामागे जाऊन खाली बसले. हे हल्ली नेहमीचं झालंय. तुझं नाव निघालं की फडफड सुरू.

पण तुझं तरी काय नवल? माप न बघता वस्तू घ्यायची तुला सवयच आहे. सख्खी बहीण टेलर असताना स्वतःच्या लग्नात दुकानातला तयार ड्रेस घालून उभी राहिलीस. चारशे माणसांनी बघितलं. माझ्याकडे बघत होती ती, तुझ्याकडे नाही.

'प्रिय' राहू दे.

ताई


१९ फेब्रुवारी

चिंगी,

आधीचं पत्र अजून टाकलेलं नाही. बटणांच्या डब्यात आहे. हेही बहुतेक तिथंच जाईल.

तुझ्या लाडक्या घड्याळाची पंधरा दिवसांत काय दशा झाली ते सांगते. आईला पट्ट्याखाली खाज सुटते. मोरीत साबणाच्या वडीशेजारी पडून असतं. परवा तू फोन केलास, "आई, कालपासून आकडे का आले नाहीत?" तेव्हा आई माझ्याकडे बघत, अगदी डोळ्यांत डोळे घालून, तुला म्हणाली, "चार्जिंगला लावलं होतं." फोन ठेवला आणि मला म्हणाली, "बघतेस काय? तिचं मन कशाला मोडू?"

माझं मन मोडायला मात्र कुणाची हरकत नसते. बंडी अजून कपाटातच आहे.

तर मी ते घड्याळ उचललं आणि घातलं. तुला काळजी वाटू नये म्हणून. आकडे बंद पडले की तू घाबरतेस, फोन करतेस, आई खोटं बोलते. त्यापेक्षा हे बरं. एवढंच कारण होतं.

हातावर घालून कापड सरकवता येईना, बकल अस्तरात अडकायला लागलं. मग पट्टा शेवटच्या भोकात लावून ते पायात घातलं, घोट्याच्या वर. तुला माझं पायमशीन माहीत आहे. शाळेच्या गणवेशांची ऑर्डर आहे, चाळीस पँटी. संध्याकाळी साडेसहाला पायात काहीतरी थरथरलं. काचेवर तुझा निरोप:

"आई! नऊ हजार पावलं! शाबास गं माझी वाघीण. पण जपून, एकदम इतकं नको. पाणी प्यायलीस ना?"

मी इतकी हसले की सुईतून दोरा निघाला. चाळीस पँटींची शिवण आणि शाबासकी म्हातारीला! मग हसू थांबलं, आणि मी उठून पाणी प्यायले. पूर्ण तांब्याभर.

ताई


२ मार्च

चिंगी,

हे पत्र तर नक्कीच टाकणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

आईला सांगितलं होतं, दोन दिवस घालते, मग तुझं तुला. आज बारावा दिवस. दिवसा पायात, रात्री मनगटावर. आईनं एकदाही मागितलं नाही. तू फोनवर "एवढी चालतेस कुठं?" विचारतेस तेव्हा ती म्हणते, "घरातल्या घरात," आणि माझ्या घोट्याकडे बघते.

तुझे निरोप सकाळी एक आणि संध्याकाळी एक येतात. "झोप झाली का? काल पाच वेळा जागी झालीस." "आज आराम कर हं." "उठलीस का गं?" साधेच आहेत. असे निरोप जगात हजार माणसं हजार माणसांना पाठवत असतील. पण माझं वय चोपन्न आहे, चिंगी, आणि मी किती वेळा जागी झाले हे आजवर कुणी मोजलं नव्हतं. मी उठते तेव्हा घर झोपलेलं असतं. मी निजते तेव्हा आई निजलेली असते. पडले, उठले, ताप आला, गेला, दुकान उघडं. कुणाला काय सांगायचं?

आधी वाटलं होतं, मला तुझा हेवा वाटतो, कारण आई तुला मानते. ते आहेच. पण आता मला आईचा हेवा वाटतो. सख्ख्या आईचा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, एक झटका येऊन गेलेल्या बाईचा. लाज वाटते लिहायला. तिला कुणीतरी रोज विचारतंय, आणि ती विचारपूस मी पायात बांधून फिरते आहे, चोरून.

काल संध्याकाळी तुझा निरोप आला नाही. मी साडेसहाला मशीन थांबवलं, पावणेसातला पुन्हा बघितलं, सातला बघितलं. एका गिऱ्हाइकाच्या बाहीला उलटी बाजू लावली. आठ वाजता आला, "आज कामात अडकले गं, सॉरी." आणि मी, मूर्खासारखी, मोठ्यानं म्हटलं, "असू दे."

आई पायडल मारत होती. तिनं विचारलं, "कोणाला म्हणालीस?"

"कोणाला नाही."

"बरं," म्हणाली आणि मास्तरीणबाईंशी फोनवर बोलत बोलत पुढे पायडल मारत बसली. ठोके मोजायला अंगावर काही नाही. घड्याळ माझ्या पायात, बंडी कपाटात. मी ओरडले, तर म्हणाली, "बोलता येतंय तोवर ठीक आहे. धाप लागली की थांबते. त्याला यंत्र कशाला?"

मला जिना चढताना हल्ली दम लागतो. कापडाचे तागे जड आहेत.

ताई


९ मार्च

चिंगी,

सकाळी मनगटावर निरोप: "आई, चार रात्री घड्याळ दाखवतंय की ठोके अनियमित पडताहेत. घाबरू नकोस. पण ताईला आजच सांग, डॉक्टरांकडे ने म्हणावं."

मी दात घासत होते. तोंडात फेस तसाच.

दहा मिनिटांत फोन वाजला. मी सवयीनं "देते" म्हणून वळले, तर तू म्हणालीस, "नको, ताई, तूच ऐक." चार वर्षांनी ताई म्हणालीस. "आईला आज डॉक्टरांकडे ने. प्लीज. माझ्याकडे सगळे आकडे आहेत, मी पाठवते. ताई, तिला काही होऊ देऊ नकोस."

तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडाशी आलं होतं. पण मग तुला कळलं असतं की रोज सकाळ-संध्याकाळ तू आईला जे लिहिलंस ते मी वाचत होते, एकही निरोप आईपर्यंत पोचला नाही, आणि मी ते होऊ दिलं. तू पुन्हा "आईला दे" वर गेली असतीस. म्हणून मी म्हटलं, "नेते."

तुझा आवाज कापत होता. आणि मी काय आहे बघ, मला त्या कापऱ्या आवाजाचाही हेवा वाटला. तो आईसाठी होता.

उद्या सकाळची वेळ मिळाली आहे. आईला नेणार. आईच्या हृदयाला आत्ता काहीच झालेलं नाही हे मला माहीत आहे. मग हे कुणाच्या हृदयाला झालंय, ते मी अजून मोठ्यानं म्हटलेलं नाही.

ताई


१२ मार्च

प्रिय चिंगी,

लिहिलं बघ.

डॉक्टर बाईंनी आईला टेबलावर झोपवलं. नर्सनं ईसीजीच्या वायरी लावायला वरचं बटण काढलं आणि आत माझी बंडी! तीन टिचबटणं, पट्टा, खिसा, सगळं. धुऊन धुऊन मऊ झालेली. खिशातला मोजणारा तुकडा मात्र नव्हता.

मी म्हटलं, "आई, ही कधीपासून घालतेस?"

"महिना झाला."

"आणि तो तुकडा?"

"टोचत होता. काढून ठेवला कपाटात."

"अगं मग घालतेस कशाला? मोजत तर काहीच नाही!"

"मोजायला कोण घालतंय? तू शिवलेलं अंगाला बरोबर बसतं. छातीशी ऊब राहते." मग नर्सकडे वळून, "थोरलीनं शिवलंय. बाजारात मिळायचं नाही."

नर्सला म्हणाली, चिंगी. गॅसवाल्याला नाही, मास्तरीणबाईला नाही, पण म्हणाली. मला त्या खोलीत रडू आलं. नर्सला वाटलं आईच्या काळजीनं.

ईसीजीची पट्टी चांगली आली, तेवढंच मी तुला फोनवर कळवलं होतं. बोलता येईल इतपत पायडल मारते हे ऐकून डॉक्टर बाई म्हणाल्या, तेही माप चांगलंच आहे, तसंच चालू ठेवा. मग त्यांनी तू पाठवलेले आकडे माझ्या फोनवर बघितले. वर-खाली केले. कपाळाला आठ्या. "हे यांचे नाहीत. घड्याळ कोण घालतं?"

मी फरशीकडे बघत होते. आई टेबलावरून बंडीची बटणं लावत म्हणाली, "ही घालते. तीन आठवडे झाले. हिलाच बघा. मी घालू देत होते ते उगीच नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"जिना चढताना भिंतीला हात लावतेस. दुकानात पडद्यामागे जाऊन बसतेस. डॉक्टरकडे चल म्हटलं तर ऐकलं असतंस? धाकटी लांबून तरी बघेल म्हटलं."

ऐकलंस? साबणाच्या वडीशेजारी घड्याळ उगीच पडलेलं नव्हतं. आणि मला वाटत होतं, मी चोरी करते आहे.

मग टेबलावर मी. ठेका मधेमधे चुकतो, असं पट्टीत दिसलं. घड्याळानं नुसती शंका घेतली होती, खात्री पट्टीनं झाली. गोळ्या सुरू झाल्या आहेत, पुढच्या आठवड्यात आणखी एक तपासणी आहे. वेळेवर आलात, म्हणाल्या. असंच अंगावर काढलं असतं तर पुढे गुठळी होऊन एक बाजू जायची भीती असते. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. काय होता होता राहिलं ते तुला कळावं म्हणून लिहिते, कारण ते तुझ्यामुळे राहिलं.

छातीतल्या त्या फडफडीला मी मत्सर म्हणत होते. अर्धा तरी तोच असेल. उरलेल्या अर्ध्याची गोळी मिळाली.

पहिल्या अर्ध्याचं आता सांगते.

तुझ्या लग्नाचा ड्रेस. तू माप द्यायला आलीस तेव्हा मी फीत नीट लावली होती, आकडे वहीत नीट लिहिले होते. अजून आहेत त्या वहीत. शिवताना मी कंबरेला दोन बोटं आत घेतली. मुद्दाम. तू घालून बघितलास, हूक लागेना, आणि मी आत्यांसमोर, मावशीसमोर म्हणाले, "लग्न ठरल्यापासून हिनं खाणं आवरलं नाही." सगळ्या हसल्या. तू हसली नाहीस. तुला शिवण कळते, लहानपणापासून माझ्या पायाशी बसून काजं केली आहेस तू. तू ड्रेस उलटा केलास, आतली शिवण बघितलीस, माझ्याकडे बघितलंस, घडी घालून ठेवलास आणि बाजारात गेलीस. कुणाला एक शब्द बोलली नाहीस. आईलासुद्धा नाही. चार वर्षं मी लोकांना सांगत आले की बहिणीनं माझ्या हातचं घातलं नाही, आणि तू मला सांगू दिलंस.

का केलं? तू निघून जाणार होतीस, नव्या घरी, कुणीतरी वाट बघत होतं, आई रोज तुझ्यासाठी काहीतरी आणत होती, आणि ती सगळी खुशी मला माझ्याच मशीनवर शिवायची होती. माझ्यासाठी कुणी कधी माप घेतलं नाही. एवढंच कारण आहे, आणि ते पुरेसं नाही, हे मला कळतं.

काल तो ड्रेस पेटीतून काढला आणि कंबर उसवली. कापड मी आत कापलं नव्हतं, नुसतं दुमडलं होतं. दोन बोटं तशीच आहेत, दोन्ही बाजूंना. तू आता घालणार नाहीस हे माहीत आहे. तरी बरोबर मापाचा करून ठेवते.

सगळी पत्रं एकाच पाकिटात घालते आहे, पहिल्यापासून. पहिलं वाचून पाकीट फेकून देऊ नकोस.

आईच्या हातात आता काही नाही, तिला नकोच आहे. घड्याळ माझ्याकडे आहे, डॉक्टर बाई म्हणाल्या घालत चला. पायात नाही, हातात. मशीनवर अडकतं, पण सवय होईल. तुझ्या फोनमध्ये वर 'आई' लिहिलेलं असेल. ते खोडून दुसरं काही लिहायचं का, ते तू ठरव. नाही लिहिलंस, बंद केलंस, तरी मी समजेन.

सोमवारपर्यंत हे पाकीट पोचेल; चालू ठेवलंस तर त्या संध्याकाळी, साडेसहाच्या सुमाराला, विचार. झोप झाली का, पाणी प्यायलीस का, काहीही. मी मशीन थांबवून बसलेली असेन.

तुझी,
ताई